बिनकढईचं घर

नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात लसणाची सुकी चटणी सापडली तेव्हा शेवंतीच्या हातात धोपाटणं होतं. महिपतचं नशीब थोर, की तो त्या वेळी टेम्पो घेऊन महाडच्या बाजारात गेला होता. घरात असता, तर धुणं राहिलं असतं बाजूला आणि धोपाटणं भलतीकडेच पडलं असतं.

चटणी लालभडक, खिशाच्या शिवणीत जाऊन बसलेली, आणि तिच्याभोवती तेलाचा हा एवढा डाग. आता चटणी काही एकटी चालत खिशात येत नाही. ती वड्याबरोबर येते, आणि वडा कढईतून येतो. शेवंतीने शर्ट दगडावर आपटला. पुन्हा आपटला. परसातल्या पेरूवरची पाखरं उडाली. डाग काही गेला नाही, आणि राग तर त्याहून गेला नाही.

रागावू नये तर काय करावं? आषाढात, भर पावसात, हाच माणूस छाती धरून अंगणातल्या चिखलात बसलेला तिने पाहिला होता. पोलादपूरच्या दवाखान्यात सुई टोचली, तिथून महाड, महाडहून गाडीत घालून पनवेल. सगळ्या वाटेत ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि सगळ्या वाटेत तो एकच सांगत होता, "शेवंते, टेम्पोची चावी खुंटीला हाय." पनवेलच्या डॉक्टरांनी हृदयाच्या नळ्यांत जाळ्या बसवल्या आणि घरी सोडताना समोर बसवून बजावलं: विडी बंद, तळलेलं बंद, मीठ कमी. विडी त्याने सोडली. पण एक सोडली ना, मग बाकीचं कशाला, असा त्याचा न्याय. जसं काही दुखणं म्हणजे बाजारातला सौदा, थोडं तू सोड, थोडं मी सोडतो.

आणि हे दुखणं या घराला नवं नव्हतं. महिपतचे वडील असेच गेले. थोरला भाऊ हरी तर गणपतीत, आरती संपता संपता, हातात टाळ असताना बसला तो उठलाच नाही. या घरातले बापये छातीनंच जातात, असं वाडीतले लोक सहज बोलून जात. कुणाच्या घरात लवकर टक्कल पडतं म्हणावं, तितकं सहज. शेवंतीला ते ऐकलं की अंगाचा तिळपापड व्हायचा.

म्हणून पनवेलहून आल्या दिवशी तिने पहिलं काम केलं ते हे, की घरातली लोखंडी कढई राखेने लख्ख घासली, पुसली आणि स्टुलावर चढून माळ्यावर पालथी घातली. कढई सासूच्या लग्नातली, दोन कानांची, एका हाताने न उचलणारी. तीत अर्ध्या वाडीचे वडे तळून झाले होते. माळ्यावर ती कासवासारखी बसली आणि तिच्या जागी गॅसशेजारच्या ओट्यावर ओव्हन आला.

ओव्हन मुलीने, समीक्षाने आणला. ती महाडच्या एमआयडीसीत एका लॅबमध्ये नोकरीला. "बाबांना काहीतरी कुरकुरीत लागतंच, आई. मग भाज्यांचे काप भाजून दे," असं म्हणून तिने फोनवर करायची रीत दाखवली आणि ती सोमवारी कामावर निघून गेली. पुढचं सगळं शेवंतीच्या गळ्यात.

सुरुवातीला नुसती नासाडी. बीट जळून कोळसा, रताळं मधे कच्चं, कारलं चामड्यासारखं. सगळं एकाच ट्रेमध्ये घातलं होतं. प्रत्येक भाजीला आपापला वेळ लागतो, हे फोनने सांगितलं नव्हतं. त्यात पावसाळी हवा. कुरकुरीत म्हणून काढलेले काप चहा उकळेपर्यंत मऊ पडत. मधेच वीज गेली की मुसळ केरात. पण शेवंती हटली नाही. किसणीच्या पात्यावर कागदासारखे काप पाडायचे, गार पाण्यातून काढून जुन्या धोतराच्या फडक्यात दाबून पार कोरडे करायचे, तेलाचा नुसता हात फिरवायचा. बिटाचा ट्रे वेगळा, भोपळ्याचा वेगळा, कच्च्या केळ्याचा वेगळा. आच मंद, मधे एकदा उलटायचे, आणि शेवटी ओव्हन बंद करून दाराला बोटभर फट ठेवून आतच गार होऊ द्यायचे. सगळी मेख त्या फटीत होती. वाफ बाहेर गेली तर काप कुर्रम वाजतो, कोंडली तर वातड. वरून मिरपूड, जिरेपूड आणि वाळल्या आमसुलाची पूड टाकली की मिठाची आठवण होत नाही.

शेवंतीला होत नसे. महिपतला होई.

"ह्यो काय पाला?" पहिलं ताट बघून तो म्हणाला होता. "बकरीला घाल."

सासू तुळजाबाई ओट्याच्या कडेला बसून ओव्हनकडे अशी बघायची, जणू घरात कुणी परका बाप्या येऊन बसलाय. "आन्न चुलीवर शिजतं गो, पेटीत नाय," एवढं बोलून ती माळ्याकडे मान वर करी आणि उसासा टाकी. रोज. शेवंतीच्या डोक्यात तिडीक जाई. दोन पुरुष गेले या म्हातारीच्या डोळ्यांदेखत, आणि उरलेल्या एका लेकाला तळणात बुडवून मारायची हिला एवढी घाई कसली?

दिवाळीने तर कहर केला. या भागात मयताच्या घरात कढई चढत नाही. तेराव्याला वड्यांसाठी ती पुन्हा चढते, तोवर तळण नाही, आणि त्या वर्षीच्या दिवाळीत फराळही नाही. भावकीतले लोक डबे भरून आणून देतात. शेवंतीने दिवाळीत करंज्या भाजल्या, शंकरपाळे भाजले, चकलीला हात लावला नाही. वाडीत बातमी फिरली, महिपतच्या घरात कढई चढली नाय. आणि भाऊबिजेला पोलादपूरहून मावससासूचा फराळाचा डबा आला. वर निरोप, "दुक्काचं घर हाय, गोड मानून घ्या."

"कोन मेलंय?" महिपत अंगणात उभा राहून ओरडला. "दाखवा मला, कोन मेलंय!" मग त्याने तो डबा मांडीवर घेतला आणि चकल्या, कडबोळी, चिवडा, सगळं एकट्याने संपवलं. शेवंती बघत राहिली. तिला वाटलं, डबा काढून त्याच्याच डोक्यात घालावा.

आणि आता ही चटणी.

संध्याकाळी टेम्पो दारात लागला. महिपत भाजीची पिशवी घेऊन आत येतो न येतो, तोच शेवंतीने ओला शर्ट त्याच्यापुढे धरला.

"ही काय?"

"चटनी."

"ते मलाबी दिसतंय. आली कुठनं?"

"अब्बासच्या गॅरेजवर बसलो व्हतो. त्यानं मागिवला वडा. मानसाला तोंडावर नाय कसं म्हनायचं?"

"अब्बासभावजींनी मला सांगून ठेवलंय, वहिनी, म्हिपत आला तर मी चहाबी बिनसाखरेचा देतो. दुसरं नाव घ्या."

महिपतने पिशवी खाली टाकली. आतले भोपळे धाडकन आपटले. "हां, खाल्ला! दोन खाल्ले! काय करनार? सकाळी पाला, सांच्याला पाला. मला दिसतं ना, कढई माळ्यावर पालथी. मानूस मेल्यावानी घर करून ठेवलंस. मी जित्ता आसताना माझं सुतक पाळतेस तू!"

"मरायचंच आसंल तर खुशाल मरा," शेवंती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पन माझ्या कढईतलं खाऊन नाय."

"तोंड आवर गो!" ओटीवरून तुळजाबाई कडाडली. "दिवे लागनीला आसं बोलतात? कढई चढव म्हंजे भांडान मिटंल. रिकामी चूल बघून काळ घरात येतो."

काळ रिकामी चूल बघून येत नाही, आत्या, भरलेली कढई बघून येतो, असं शेवंतीच्या ओठांवर आलं होतं. तिने गिळलं. गिळलेला राग पोटात जाऊन बसला, आणि तो पचणारा नव्हता.

त्या रविवारी तुडीलचे पाहुणे यायचे होते. मुलगा साहिल समीक्षाच्याच कंपनीत. पोरांचं कंपनीच्या बसमध्ये केव्हाच ठरलेलं, आता फक्त मोठ्यांनी येऊन जुळवायचं होतं. सकाळपासून महिपतचं एकच टुमणं.

"कांद्याची भजी पायजेत. पाव्हन्यांपुढं माझं नाक कापू नको."

"शिरा करते, पोहे करते, काप हायत."

"त्यो पाला सोयऱ्यांना देनार?"

"देनार." तिला पक्कं ठाऊक होतं. भजी पाहुण्यांच्या नावाने चढणार आणि उरलेला घाणा याच्या पोटात जाणार. एकदा कढई उतरली माळ्यावरून, की ती पुन्हा वर जायची नाही. जिभेला आज सूट दिली की ती उद्या हक्क मागते. आपल्या बापाला आणि भावाला खांदा दिलेल्या माणसाला हे सांगावं लागावं, याचाच तिला जास्त राग होता.

पाहुणे आले. साहिलचे वडील मालोजी, खादीचा सदरा घातलेले, मोजकं बोलणारे. आई बनुबाई, ठसठशीत कुंकवाची, नजर फार तेज. साहिल अंग चोरून खुर्चीत बसला. समीक्षाने ताटल्या आणल्या. बिटाचे काप लाल, भोपळ्याचे पिवळे, केळ्याचे पांढरे, कारल्याचे हिरवेगार. शेवंतीला वाटलं, रांगोळीसारखं दिसतंय. आज तरी कुणी नाव ठेवणार नाही.

बनुबाई ताटलीकडे बघत राहिली. मग "हात धुते हां," म्हणून आत आली. मोरीपाशी हात धुताना तिची नजर गॅसकडे गेली, तेलाच्या बरणीकडे गेली, तिथून वर माळ्याकडे. माळ्यावर पालथी कढई, वर धुळीचा थर. बनुबाईने पदर सावरला. बाहेर जाऊन ती बसली, पण ताटलीला हात लावला नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा तिने हळूच लांब सरकवला आणि नवऱ्याच्या कानाशी लागली.

मालोजींनी घसा साफ केला. "महिपतराव, आमी आसं करतो, नंतर येतो. आमाला म्हायत नवतं."

"काय म्हायत नवतं?"

"घरात सुतक हाय ते." मालोजींचा आवाज वाईट वाटल्यासारखा खाली आला. "तुमी सांगायला पायजे व्हतं. सुतकात सोयरिकीचं बोलत नाय आमच्याकडं. पानीबी घेता येत नाय बघा."

समीक्षाच्या हातातला ट्रे तसाच राहिला. साहिल उठून उभा राहिला आणि काय करावं ते न कळून पुन्हा बसला.

महिपत आधी हसला. मग त्याचं तोंड लाल झालं. "ऐकलंस?" तो आतल्या दाराकडे वळून गरजला. "ऐकलंस शेवंते? माझ्या लेकीची सोयरीक मोडायला निघालीस तू! सुतक हाय, बरोबर हाय, माझंच हाय. ही बया पाळते माझं सुतक, मी हितं बसलेला आसताना!"

"हो, पाळते!" शेवंती दारात आली. पाहुणे, मान, मर्यादा, काही तिच्या डोळ्यांपुढे राहिलं नाही. "आत्ता खोटं पाळते, खरं पाळायला लागू नये म्हनून! तुमाला वाटतं मला तळता येत नाय? मला हौस हाय पेटीत पाला भाजायची? मी तुमचं डोकं मांडीवर घेऊन पनवेलपातूर गेले. तुमी चावीचं बोलत व्हतात. मी काय बोलत व्हते ते ईचारलंत कधी?"

अशा वेळी पुरुषमाणूस काहीतरी उचलतो. महिपत ताडताड आत गेला, स्टूल ओढलं, वर चढला आणि माळ्यावरची कढई दोन्ही हातांनी ओढली. धूळ त्याच्या केसांवर पडली. उतरताना त्याच्या कपाळावर घाम आला होता; शेवंतीने तो घाम बघितला आणि ती स्टूल धरायला आत धावली. त्याने कढई गॅसवर आदळली. सगळ्या घरात ती घंटेसारखी घुमली.

"आये!" तो ओरडला. "हिच्या हातानं नाय व्हायचं. तू ये. तू तळ. दाव ह्यांना, ह्या घरात कोन मेलेलं नाय."

तुळजाबाई उठली. गुडघ्यांवर हात टेकत, भिंत धरत स्वयंपाकघरात आली. शेवंतीला वाटलं, संपलं. हेच तर हवं होतं म्हातारीला. ती वाटेत आडवी उभी राहणार, तेवढ्यात सासूने हाताने तिला बाजूला केलं आणि कढईचे दोन्ही कान धरले.

धरले आणि तशीच उभी राहिली.

"आये, तेल वत."

म्हातारी बोलली, पण तिच्या नेहमीच्या कटकटीच्या आवाजात नाही. "तुझ्या बापाच्या तेराव्याला ही कढई मी चढिवली. सगळी म्हनाली, तूच चढव, तुझंच घर. वडे फुगले. लोक जेवले आनि म्हनाले, चला, घर मोकळं झालं. मग हरीच्या तेराव्याला परत मीच. पोराच्या तेराव्याचे वडे, रे. एकेक थापून तेलात सोडला ह्या हातानं. कडत तेल बोटावर उडालं, तर बरं वाटलं मला."

"आये, आत्ता त्याचं काय..."

"गप!" म्हातारीने कढईवरूनच हात उगारला. "मीच म्हनत व्हते, चढव चढव. मला वाटायचं, चढलेली कढई बघितली की काळ दारातनं म्हागं फिरतो. पन आत्ता कानाला हात लावला नि हाताला आठवलं. तू मला तळ म्हनतोस. कुनासाठी तळू? तुझ्या तेराव्याचा घाना आजच काडून ठेवू, व्हय रे? दोन झाले, तिसराबी माझ्याच हातनं?"

स्वयंपाकघराच्या दारात बनुबाई येऊन उभी राहिली होती. महिपतच्या कपाळावरचा घाम गालावर उतरला. त्याने तो पुसला नाही.

तुळजाबाईने ओट्यावरच्या ट्रेमधला एक बिटाचा काप उचलला आणि तोंडात टाकला. दात नव्हतेच. तिने तो इकडून तिकडे घोळवला, गालात दाबला, सगळ्यांना वाट बघायला लावली. "चामडं हाय," ती म्हणाली. "पन खायाचं." आणि ट्रे उचलून लेकाच्या छातीवर टेकवला, बरोब्बर जिथे त्या जाळ्या होत्या तिथे.

महिपत ट्रे घेऊन बाहेर गेला. तोंड असं, जणू त्याला कुणी चारचौघांत मारलंय. तो मालोजींच्या समोर बसला आणि एक काप तोंडात टाकला. कुर्रम. सगळ्या घराला ऐकू गेलं. बनुबाई बाहेर आली, खाली बसली आणि लांब सारलेला तांब्या जवळ ओढून घटाघटा पाणी प्यायली. समीक्षाने डोळे पुसले.

आत शेवंतीने स्टूल सरळ केलं. राग अजून उतरला नव्हता. आता तो कुणावर आहे, एवढंच तिला समजत नव्हतं. नवऱ्यावर, सासूवर, त्या पनवेलच्या वाटेवर, की इतके महिने शेजारी बसून एकमेकींना न बोललेल्या आपण दोघींवर. ती वर चढली. तुळजाबाईने कढई उचलली. एका हाताने न उठणारी ती कढई म्हातारीने दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि वर सुनेच्या हातात दिली.

"पालथी घाल," ती म्हणाली. "आनि आता काडू नको. माझ्या तेराव्याला काड. तुझ्या हातानं चढव. चांगले वडे कर, आमसुलाची चटनी कर, वाडी जेवू घाल. तवर नाय."

शेवंतीने कढई पालथी घातली. ती खाली उतरली. तिने सासूचा हात धरला. बोटावर तेल उडाल्याचा जुना पांढरा डाग होता, तो तिने आजवर कधी बघितला नव्हता.

"मीठ नाय ह्याला!" बाहेरून महिपत ओरडला.

"नसूंदे!" दोघी एकदम ओरडल्या. "हाय तसं खा!"